किती मोठा करायचा?

"किती मोठा करायचा?" काउंटरवरच्या मुलानं विचारलं आणि मला उत्तर सुचेना. मी पेन ड्राइव्ह पुढे धरून नुसती उभी. बाहेर मेन रोडवर दुपारची गर्दी, आत एसीचा गारवा. माझ्या मागे पासपोर्टच्या फोटोसाठी दोघं थांबलेले. मुलगा समजूतदार होता. म्हणाला, "दहा बाय बारा घ्या ताई. सगळे तोच घेतात. हारही व्यवस्थित बसतो."

हार हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला की त्याच्याकडे असे किती जण येत असतील ते कळलं. फोटो मोठा करून घ्यायला आलेलं माणूस कशासाठी आलंय, हे त्याला विचारावं लागत नाही. आप्पांनाही लागत नसे.

एन्लार्ज हा शब्द मी पाचवीत इंग्रजी सुरू होण्याच्या कितीतरी आधी शिकले. आप्पा नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका स्टुडिओत डार्करूमचं काम करायचे. एकतीस वर्षं केलं. घरी आल्यावर त्यांच्या बोटांना हायपोचा, म्हणजे फोटो धुण्याच्या द्रावणाचा, वास असायचा आणि आई विचारायची, "आज किती एन्लार्ज?" दुसऱ्या बायका नवऱ्याला पगार विचारतात तसं. कारण साधे फोटो कुणीही धुऊन काढायचं, पण मोठा फोटो काढायचा म्हटलं की मालक तो आप्पांच्याच हातात द्यायचे.

ती खोली मला अजून पाठ आहे. मोरीपेक्षा जरा मोठी. दाराला आतून काळा जाड पडदा, वर लाल दिवा. टेबलावर एन्लार्जर. उभा लोखंडी खांब, त्यावर वरखाली सरकणारं डोकं, डोक्यात दुधी बल्ब, त्याखाली जाड भिंगं, मग निगेटिव्ह आणि सगळ्यात खाली लेन्स. डोकं खाली आणलं की टेबलावरची आकृती लहान, वर नेलं की मोठी. एवढंच यंत्र. पण डोकं वर नेलं की उजेड विरळ होतो. फोटोची बाजू दुप्पट केली तर कागद चौपट होतो आणि बल्ब तर तेवढाच असतो. मी सहा-सात वर्षांची असताना आप्पांनी मला हे समजावलं ते असं: "पातेल्यात भात तेवढाच आहे आणि पंगत वाढली. मग प्रत्येकाच्या पानात थोडाथोडाच पडणार की नाही? म्हणून जास्त वेळ वाढत राहायचं." मग ते ब्रोमाइड पेपर लावायचे, बल्ब सुरू करायचे आणि हळू आवाजात मोजायचे, एक पांडुरंग, दोन पांडुरंग, तीन पांडुरंग. एक पांडुरंग म्हणजे एक सेकंद. छोट्या फोटोला सहा पांडुरंग पुरायचे. त्याच निगेटिव्हचा दुप्पट बाजूचा फोटो असला की चोवीसच्या आसपास जायचे.

कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला की आधी केस यायचे. मग मिशा, कोटाची बटणं, बुबुळं. गाल सगळ्यात शेवटी. लाल उजेडात, पाण्याखाली, एक अनोळखी माणूस हळूहळू आमच्याकडे बघायला लागायचा. तो बहुतेक वेळा नुकताच गेलेला असायचा.

एन्लार्जमेंटचं काम मुख्यतः तेच होतं. लग्नामुंजीचे फोटो लोक पोस्टकार्ड साइजमध्ये अल्बमला चिकटवायचे. भिंतीएवढा फोटो माणूस गेल्यावरच व्हायचा. दहाव्याच्या आत पाहिजे म्हणून घाईनं यायचे, हातात एखादा ग्रुप फोटो, आणि बोट ठेवून सांगायचे, "यातले हे." ज्याचा आयुष्यात एकट्याचा फोटो निघाला नाही अशा माणसाला आप्पा लग्नाच्या वऱ्हाडातून, सहलीच्या बसपुढून, कुणाच्या तरी बारशातून वेगळं काढायचे. शेजारच्याचा खांदा झाकायचे, मागची कनात पुसायचे. आणि लोकांना एक प्रश्न हमखास विचारायचे: "रंगानं कसे होते? उजळ की सावळे?" नाहीतर चेहरा उगाच गोरा निघतो, म्हणायचे. घरच्यांना तो परका वाटतो.

अशा आप्पांचा स्वतःचा फोटो घरात नव्हता. लग्नातला आहे, पण त्यातला चोवीस वर्षांचा मुलगा आम्हा भावंडांच्या ओळखीचा नाही. मोबाइलमधले आहेत ते शेवटच्या दिवसांतले, नाकात नळी घातलेले. ते आईला नकोत. शेवटी तिनंच ट्रंकेतून एक पाकीट काढलं. आत स्टुडिओतल्या दसऱ्याचं निगेटिव्ह. टेबलावर कॅमेरे मांडलेले, मधोमध एन्लार्जर, त्याच्या खांबाला झेंडूची माळ आणि आपट्याची पानं, मागे स्टुडिओतले सहा जण. आप्पा उजवीकडून दुसरे. "हा घे," आई म्हणाली, "यात ते कामावर आहेत."

पस्तीस एमएमचं निगेटिव्ह ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच. त्यात सहा माणसं. मी पट्टी लावून पाहिली, आप्पांचा चेहरा जेमतेम अडीच मिलिमीटर. मोहरीचा एक दाणा.

त्यांच्या आजाराचं नावही हेच होतं, एन्लार्ज. एका रात्री धाप लागली म्हणून त्यांना ॲडमिट केलं. पलंगावर झोपवूनच छातीचा एक्स-रे काढला आणि सकाळी राउंडला आलेले तरुण डॉक्टर म्हणाले, "हार्ट एन्लार्ज झालंय." आई माझ्याकडे बघायला लागली. आप्पांनी हात पुढे केला. "बघू."

ती निळसर फिल्म त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. आम्ही सगळे एक्स-रे बघतो ते काही कळत नसताना बघतो. आप्पा बघत होते ते कारागिरासारखे, कडांना बोटं लावून, मधल्या भागावर ठसा उमटू न देता. हाडं पांढरी, हृदय पांढरं, फुफ्फुसं काळी. "निगेटिव्हच आहे हे," ते म्हणाले. "जिथं किरण पोचला नाही तिथं पांढरं." मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी फाकवून हृदयाची रुंदी घेतली आणि ती तशीच छातीच्या रुंदीवर ठेवून पाहिली. निम्म्याच्या पुढे गेली. डॉक्टरही हेच मोजतात, हे मला नंतर कळलं. हृदयाची सावली छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली की ते मोठं झालंय असं मानतात.

पण आप्पांनी लगेच मान्य केलं नाही. त्यांनी विचारलं, "प्लेट पाठीखाली होती ना?" होती. "मग सावली मोठीच येणार. हृदय छातीच्या पुढच्या अंगाला. प्लेट पाठीशी म्हणजे लांब. वस्तू कागदापासून जितकी लांब, तितकी सावली मोठी."

डॉक्टर थांबले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बरोबर आहे, काका. म्हणूनच शक्यतो आम्ही उभं करून, प्लेट छातीला टेकवून, पाठीमागून किरण सोडून काढतो. उद्या तसा काढू, आणि टूडी इकोही करू." आप्पांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी विसरणार नाही. आयुष्यभराची विद्या ऐन वेळी कामाला आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशीच्या फिल्ममध्ये हृदय थोडं लहान दिसलं. तरी निम्म्याच्या पुढेच. इकोमध्ये आकडा आला २५ टक्के. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यात भरलेल्या रक्ताचा निम्म्याहून जास्त भाग बाहेर ढकलतं, आप्पांचं एक चतुर्थांश ढकलत होतं. उरलेलं आतच राहतं, त्यात नवं येऊन भरतं, कप्पे ताणतात. स्नायू ताणला की सुरुवातीला तो जोरानं आखडतो, म्हणून बराच काळ काही जाणवत नाही. मग जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडतो. हृदय अशक्त होतं म्हणून मोठं होतं आणि मोठं होतं म्हणून आणखी अशक्त होतं.

मामा पिंपळगावहून भेटायला आले होते. त्यांची द्राक्षाची बाग. हे सगळं ऐकून त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं, "मोठं झालंय म्हणजे चांगलं का वाईट?" त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. त्यांचं सगळं वर्ष एका शब्दावर चालतं, फुगवण. मणी धरले की घडांची विरळणी करायची, मग जीएच्या द्रावणात एकेक घड बुडवायचा, मग रोज बागेत जाऊन मणी मोजायचा. सोळा मिलिमीटर, सतरा, अठरा. एक्स्पोर्टचा माल साइजवर ठरतो. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. त्याचा शोध एका रोगातून लागला. जपानी शेतकरी भाताच्या रोगट रोपांना बाकानाए, म्हणजे वेडं रोप, म्हणायचे. रोप भलतंच उंच वाढायचं, पिवळं पडायचं आणि दाणा न धरता आडवं व्हायचं. हे एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळे होतं, हे १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. त्याच द्रव्याची थोडकी मात्रा आज आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागांत मणी फुगवते. मामांना मी एवढंच सांगितलं, "वाईट." ते मान खाली घालून बराच वेळ उभे राहिले.

डॉक्टरांनी सहा महिने ते वर्षभर असा अंदाज दिला होता. आप्पा चौदा महिने जगले. मार्गशीर्षात गेले.

त्या दिवशी शेजारच्या एक आजी आईजवळ बसून हळूच म्हणाल्या, "बांगड्या वाढवायला हव्यात ना." लहानपणापासून हा शब्द मी ऐकत आलेय. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. हातातली बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. माझी आजी निजताना म्हणायची, "दिवा मोठा कर गं," आणि मी कंदिलाची वात खाली करायची. विझव म्हणून चालायचं नाही. संपणं, फुटणं, विझणं या गोष्टी तोंडानं उच्चारायच्या नाहीत म्हणून आपल्या माणसांनी तिथं उलटा शब्द ठेवला. याच्याइतकी मायेची गोष्ट भाषेत मला दुसरी दिसत नाही. दिव्यासाठी, नारळासाठी, फुटलेल्या काचेसाठी.

पण नवरा गेलेल्या बाईचे हात धरून बांगड्या फोडायच्या आणि त्यालाही वाढवणंच म्हणायचं, हे मला सोसत नाही. शब्द मायेचा असला म्हणून कृती मायेची होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, तेव्हा आप्पांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. आईनं त्यातलं काय मनात ठेवलं होतं ते त्या दिवशी कळलं. ती त्या आजींना म्हणाली, "नको. आहेत त्या राहू देत." आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आईच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्यांच्या स्वतःच्या हातात काही नव्हतं.

मी जिल्हा न्यायालयात एका वकीलसाहेबांकडे टायपिंगचं आणि भाषांतराचं काम करते. जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ. पंधरा दिवसांनी कामावर गेले तेव्हा टेबलावर जामिनाचे अर्ज साचले होते. पहिल्याच अर्जाच्या विनंतीत ते वाक्य आलं, जे मी शेकडो वेळा टाइप केलंय: अर्जदारास जामिनावर एन्लार्ज करण्यात यावे. आपल्या कोर्टातलं इंग्रजी अजून असंच लिहितं. नवी असताना मला ती चूक वाटली होती, माणूस कसा एन्लार्ज होईल? मी रिलीज असा शब्द घातला. वकीलसाहेबांनी कागद बघितला आणि रागावले नाहीत. त्यांनी कपाटातला जाड कोश काढून माझ्यापुढे ठेवला. एन्लार्जचा एक जुना अर्थ मोकळं करणं, कैदेतून सोडणं. ॲट लार्ज म्हणजे मोकाट, तो याच कुळातला. अडचणीच्या, अरुंद जागेतून माणसाला ऐसपैस जागेत आणायचं, ते एन्लार्ज. मूळ लॅटिन शब्द लार्गुस, त्याचा अर्थ भरपूर, सढळ. फ्रेंचमध्ये लार्ज म्हणजे अजूनही रुंद. आकारानं मोठं हा अर्थ इंग्रजीत पुढे आला, आधी होता तो हाताचा सढळपणा.

सढळ हातानं वाढणं, असं आपण म्हणतोच की.

आणखी एक कलम मला माहीत होतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम १४८. त्याचं शीर्षक आहे एन्लार्जमेंट ऑफ टाइम. न्यायालयानं एखाद्या कामाला दिलेली मुदत त्याला वाढवता येते, ती संपून गेलेली असली तरीसुद्धा, मात्र कलमाच्या शब्दांत एकूण तीस दिवसांपर्यंतच. मुदत संपल्यावरही मुदत वाढवता येते, हे वाक्य मी त्या दिवशी भाषांतरासाठी नाही, नुसतंच दोनदा वाचलं. मग अर्जाकडे वळले. मराठीत लिहिलं: अर्जदारास पंधरा हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या सक्षम जामीनदारावर मुक्त करण्यात यावे. मुक्त हा शब्द लिहिताना आप्पांच्या नाकातली नळी काढली तो क्षण डोळ्यांपुढे आला. त्या पानावर पाणी पडू नये म्हणून मी ते बाजूला सरकवलं.

तर स्टुडिओतला तो मुलगा. मी म्हटलं, "बारा बाय पंधरा." त्यानं स्कॅन उघडला, चेहऱ्याभोवती चौकट केली, आणि म्हणाला, "फाटेल ताई. पण काळजी करू नका, सॉफ्टवेअर आहे." त्यानं एक बटण दाबलं. दहा सेकंदांत पडद्यावर एक माणूस आला. डोळे चकचकीत. पापणीचा केस न् केस वेगळा. कातडीवर रंध्रं, ओठांवर कडा. शर्टाच्या कॉलरची शिवण दिसत होती. इतका स्वच्छ फोटो त्या जमान्यातल्या कुठल्याही कॅमेऱ्यानं काढला नसता.

आणि ते आप्पा नव्हते. भुवया जवळपास त्यांच्या, नाक जवळपास त्यांचं, पण ते दुसरंच कुणीतरी होतं. आप्पांच्या डाव्या डोळ्याखाली एक खड्डा होता, लहानपणच्या देवीचा व्रण. सॉफ्टवेअरनं तो धूळ समजून बुजवला होता.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला जे शिकवलं ते तो मन लावून करत होता. पण हे मोठं करणं नाही. मोहरीएवढ्या चेहऱ्यात जेवढं आहे तेवढंच त्यात आहे. अडीच मिलिमीटरचे बारा सेंटिमीटर केले तर लांबी अठ्ठेचाळीस पट झाली, जागा दोन हजार तीनशे पट. एवढ्या पंगतीला तो भात पुरायचा नाही. सॉफ्टवेअरनं काय केलं, तर हजारो परक्या चेहऱ्यांच्या पातेल्यातला भात आणून त्यात मिसळला. राईचा पर्वत झाला खरा, पण पर्वत दुसऱ्या कुणाचा तरी. आप्पांनी कुणाचा खांदा झाकला, कनात पुसली, पण चेहऱ्यात नसलेलं काही घातलं नाही. रंग कसा होता हे विचारून घेतलं, मनानं ठरवलं नाही.

"तसाच काढा," मी म्हटलं. "फुटला तरी चालेल."

"दाणे दिसतील ताई."

"दिसू द्या."

त्यानं काढून दिला. जवळून पाहिलं तर त्यात माणूस नाहीच. नुसते काळे-करडे कण, वाळू चाळल्यासारखे. फ्रेमवाल्यानंही विचारलं, "हाच लावायचा का?" आईनं घरी आल्यावर तो हातात घेतला, नाकाजवळ नेला, चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. तिला काही दिसेना. मी घाबरले. म्हटलं, उद्या दुसरा आणते.

ती उठली, फ्रेम घेऊन देवघराशेजारच्या खिळ्याकडे गेली नाही. बाहेरच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर, जिथं कॅलेंडर होतं तिथं, तिनं ती टांगली, आणि उलट पावली मागे मागे येत स्वयंपाकघराच्या दारात ओट्याला टेकून उभी राहिली. वीस-बावीस फूट. मी तिच्याजवळ गेले. तिथून ते कण एकमेकांत मिसळले. केस आले. मिशा आल्या. डाव्या डोळ्याखाली एक बारीकशी सावली आली. "मोठा फोटो लांबूनच बघायचा असतो," आई म्हणाली, "मला कितीदा सांगितलं त्यांनी."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पदराला हात पुसून तिनं फडताळातून दोन ताटं काढली. "हात धू जा," म्हणाली. "वाढते."